आडवा वासा

निवेखोलच्या सड्यावर, काजूबागा संपतात तिथं,
कातळात दोन चाकोऱ्या आहेत.
बैलगाड्यांनी पाडलेल्या. बोटभर खोल.
किती पिढ्या लागल्या, कुणी मोजलं नाही.
भाद्रपदात त्यांच्यात सीतेची आसवं फुलतात,
जांभळ्या दोन रेघा, मध्ये आसाइतकं अंतर,
थेट उतारापर्यंत.

पुढं वाट खाडीकडं सुटते.
दोन्ही अंगांना गडगे, मध्ये तांबडी माती.
मुळात ती डोक्यावर भारा घेतलेल्या बाईच्या मापाची.
समोरून सायकल आली की शेवंती भुवड
गडग्याला पाठ लावायची.
पोस्टमनची लूना आली, तेव्हा तिनं भाराही तिरका धरला.
मग माझा टेम्पो आला, तीनचाकी,
आंब्याच्या चाळीस पेट्या, मागचं फाळकं सुंभानं बांधलेलं,
आणि वळणावरचा गडगा मी पाडला.
रात्री. पहार घेऊन. बारा दगड.
सकाळी म्हणालो, गुरं शिरली असतील.
शेवंती म्हणाली, व्हय, रेड्याला पहार धरता येते आताशा.

मग त्या श्रावणात नऊ गाड्या आल्या.
कमरेएवढी चाकं, टपावर दिव्यांची माळ,
नळकांडं सोंडेसारखं वर.
चिखल दिसला की आम्ही चुकवतो;
ते मागं जाऊन पुन्हा त्यातच येत होते, हसत.
एक रुतली. दुसरीनं ऐनाला तार गुंडाळून ती ओढली.
सालीवरचा वळ अजून बुजलेला नाही.
दिवस मावळायच्या आत
वाट गुडघाभर खाली गेली होती.

नंतरचं त्यांनी केलं नाही, ते आम्ही केलं.
खड्डे टाळायला आमचीच पोरं
फटफट्या घेऊन सड्याच्या कडेनं गेली, फुलांवरून.
तो पट्टा रापला की त्याच्या बाजूनं.
एका वाटेच्या पाच वाटा झाल्या,
आणि एकीवरूनही धड जाता येईना.
माती पाण्याबरोबर खाडीत उतरली.
मुळे काढायला गेलेल्या बायका
नुसता गाळ चाचपून परत आल्या.

शाळेच्या पडवीत बैठक बसली.
तोंडाशी दोन खांब उभे करायचे, ठरलं.
किती अंतरावर, ते ठरेना.
अनाजी गोताड सूत घेऊन उठला.
माझा टेम्पो : चार फूट दहा इंच.
पोरं म्हणाली, झालं, पाच फूट ठेवा.
हनीफ मुकादम आतापर्यंत गप्प होता.
म्हणाला, आणि दवाखान्याची गाडी?
तीन वर्षांपूर्वी त्याची सून
माझ्या टेम्पोत, त्याच वळणावर, बाळंत झाली होती.
दवाखान्याची गाडी सहा फूट.
आणि ते लोक येतात, त्या गाड्या?
अनाजीनं सुताची गुंडाळी केली, पुन्हा सोडली.
त्या दोन बोटं कमीच.

पडवीत बराच वेळ कुणी बोललं नाही.
कुणीतरी तंबाखू मळली, ती तशीच तळहातावर राहिली.

आता तिथं दोन चिरेबंदी खांब आहेत, सव्वासहा फुटांवर,
आणि छातीच्या उंचीवर ऐनाचा आडवा वासा.
माणूस वाकून जातो. गुरं बाजूच्या बेळक्यातून.
फटफटीवाल्याला उतरून ढकलत न्यावी लागते, ते शिव्या देतात.
वाशाला कुलूप नाही.
फक्त एकट्याला उचलत नाही;
हाक मारावी लागते, आणि जवळचं घर शेवंतीचं.

परवा एक गाडी थांबली. एकच.
कानात बाळी घातलेला पोरगा उतरला,
इकडंतिकडं बघून म्हणाला, मावशी, किती द्यायचे?
शेवंती म्हणाली, त्या टोकाला धर.
धरला त्यानं. कूस लागली हाताला, ती चोखत गाडीत बसला.
दोन्ही चाकं जुन्या चाकोरीत ठेवून
हळू गेला, एवढं मी पाहिलं. पुढं वळण आहे, दिसत नाही.
जागा होती तरी शेवंती
सवयीनं गडग्याला पाठ लावून उभी होती.

त्या वळणावर मी रोज उतरतो आता, टेम्पो रिकामा करून.
बारांतले सात दगड परत बसवले.
पाच सापडत नाहीत.