पान दोनशे बारा

कुल्दिगात माझं पुस्तकबांधणीचं दुकान आहे,
वेंता नदीवरच्या विटांच्या पुलापासून तिसरं दार.
खळीचा वास माझ्या केसांतून जात नाही.
नवरा म्हणतो, झोपेतसुद्धा तू चिकटतेस.

मागच्या मार्चात स्काइद्रीतेबाई आल्या.
पिशवीत वर बटाटे, बटाट्यांखाली एक कादंबरी,
दोन तुकड्यांत.
"एक कर," म्हणाल्या.
"घाई नाही. पण मी ब्याण्णव वर्षांची आहे."

ही कादंबरी आमच्याकडे सगळ्यांनी शाळेत वाचलेली,
निदान वाचली असं सांगितलेली.
मिकेलिस आणि इंद्रिकिस, पाणचक्कीवरचे दोन गडी,
दोघांत मिळून मेंढीच्या कातड्याचा एकच कोट.
बाहेर जाईल त्यानं तो घालायचा,
घरात राहील त्यानं चूल विझू द्यायची नाही.
बाई फळ्यावर लिहायच्या: मैत्रीचे स्वरूप, पाच मुद्दे.
मी चार लिहायचे.

पहिल्या तुकड्याचे कोपरे काळे पडलेले,
धुरानं, माशाच्या तेलानं, कोण जाणे किती जणींच्या बोटांनी.
दुसऱ्याच्या घड्यासुद्धा फोडलेल्या नव्हत्या.
जुनी छपाई ती, पानं जोडलेलीच यायची,
वाचणाऱ्यानं सुरीनं कापत कापत पुढे जायचं.

त्या बोलत गेल्या, मी दोरा ओवत गेले.

आउस्त्रा आणि त्या, दोघी अठराच्या.
बेकरीच्या माळ्यावर, खालच्या भट्टीच्या उबेत,
एक पान हिनं, एक पान तिनं, मोठ्यानं.
दोनशे बारापर्यंत आल्या होत्या
त्या रात्री आउस्त्राच्या दारात ट्रक आला.
एका तासात बांधा, म्हणाले.
स्टेशनवर स्काइद्रीते पावरोटी घेऊन धावली
आणि पावाच्याच सुरीनं तिनं पुस्तक कण्यात चिरलं.
"वाचलेलं तू ने. पुढचं मी उघडणार नाही."
डब्याचं दार सरकलं. उत्तर ऐकू आलं नाही.

आठ वर्षं.
तिकडे बराकीत आउस्त्रानं तो अर्धा भाग
इतक्यांदा वाचला, की बायका तिच्याआधी वाक्य पुरं करायच्या.
मग त्या विचारू लागल्या, पुढे?
आता पुढे काय सांगणार!
तिनं रचलं.
कोट घालून गेलेला इंद्रिकिस तिच्या गोष्टीत परत आला,
उंबऱ्यावर बर्फ झटकत म्हणाला,
"बाह्या आखूड होतात रे तुझ्या कोटाच्या."
हे ऐकून बायका हसायच्या.
मग कुणी कुणाकडे बघायचं नाही.

परत आली तेव्हा दोघी टेबलाशी बसल्या,
मध्ये दोन तुकडे आणि एक सुरी.
आउस्त्रानं सुरी उचलली, बटाटे सोलले.
साठ-पासष्ट वर्षं रोज भेटल्या, भांडल्या,
एकदा कुंपणावरून दोन वर्षं बोलल्या नाहीत.
घड्या तशाच.

"गेल्या शिशिरात ती गेली," स्काइद्रीतेबाई म्हणाल्या,
आणि बटाट्यांच्या तळातून एक वही काढली.
पेन्सिलीचं अक्षर, उजवीकडे उतरत गेलेलं.
"तिचा शेवट. हा मध्ये घाल."
मी म्हटलं, "शेवट मध्ये?"
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
"तू वाचली आहेस ना पूर्ण? सांगू नकोस."

मी वाचली आहे.
काठावर घडी करून ठेवलेला कोट मला ठाऊक आहे,
पूर ठाऊक आहे, शेवटचं वाक्य तर पाठच आहे.
मी ओठ दाबून दोरा तोडला.

पहिला भाग, मग वही, मग उरलेला.
बांधणी झाली की कडा यंत्राखाली कापायच्या,
हा माझ्या धंद्याचा नियम. वडिलांचाही होता.
मी पुस्तक पात्याखाली ठेवलं,
दांड्यावर हात ठेवला
आणि तसंच बाहेर काढलं.

पैसे म्हणून त्यांनी बटाटे ठेवले.
दारात थांबून म्हणाल्या, "गार आहे गं,
तुझी ती शाल दे, परवा आणून देते."

त्याला आता सात महिने झाले.
रोज दुकानासमोरून जातात, शाल पांघरून,
हात करतात.
मी मागत नाही.