होतं, काय नव्हतं

नुझहत आपा अकरा वर्षं दम्मामच्या इस्पितळात
बायकांच्या वॉर्डातली फरशी पुसायच्या.
जालन्याला परतल्या तेव्हा बॅगेत
दोन ब्लँकेटं, खजूर, गुडघ्याचं मलम
आणि चार शब्द: कान या मा कान.

होतं, काय नव्हतं.
तिकडच्या गोष्टी म्हणे अशाच सुरू होतात.

मी आटपाट नगरात वाढलेली.
आमच्याकडे सगळं होतंच.
राजा होता, आवडती होती, नावडती होती,
नावडतीचं जाडंभरडं लुगडं होतं
आणि पाचा उत्तरी सगळं सुफळ.
नव्हतं म्हणायची सोयच नव्हती.

कदराबादच्या खोलीत
लसूण सोलता सोलता आपा सांगायच्या:
सोळा खाटा.
पोट चिरलेल्या, गर्भ पडलेल्या,
एक येमेनची म्हातारी, डोळ्यांनी अधू.
ती तांबटाची गोष्ट काढायची.
तांबटाच्या गोष्टीत गाढव बोलायचं,
गाढवाच्या गोष्टीत त्याची मालकीण,
आणि मालकिणीच्या तोंडी
सात नंबरच्या खाटेवरची बाई
हळूच स्वतःचं सरकवून द्यायची.
कुणाला कळायचंही नाही.
फक्त सात नंबर त्या दिवशी पोटभर जेवायची.

मी बियाण्याच्या कंपनीत
पाकिटांचा हिशोब ठेवते. रात्री वही.
पहिली गोष्ट दिवाळी अंकात आली तेव्हा
मोठे दीर आले, अंकाची सुरळी हातात.
"ही विहीर कोणाची म्हणायची?
आपल्या मळ्यातली वाटायली."
मी चहा ठेवला.
म्हटलं, भाऊजी, होतं, काय नव्हतं.
त्यांना नव्हतं ऐकू आलं.
मला होतं.

द्वारकावहिनी मागच्या दारानं आल्या.
लेकीकडून वाचून घेतली होती त्यांनी.
बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या, मग म्हणाल्या,
"त्या बाईला तू काठावरच उभी ठेवली गं.
किती दिवस उभी राहील?
पाय दुखायलेत तिचे."

मग मी वही पुन्हा उघडली.
काठावरच्या बाईनं खालच्या पाण्याला गोष्ट सांगितली.
गोष्टीत तांबट, तांबटाचं गाढव,
गाढवावर मालकीण बसली,
तिच्या अंगावर द्वारकावहिनींचं पोपटी लुगडं
(ते मात्र मी खोडलं, निळं केलं),
निघाली, शिवेवरचा मारुती मागं पडला,
पुढं रस्त्याला दोन फाटे,
आणि नळ आला.

नवव्या दिवशी, पहाटे साडेतीनला.
गल्लीत हंडे, पाइप, शिव्या.
पेन वहीत घालून उठले.
पलीकडच्या गच्चीवरून, मोटारीच्या घरघरीवरून
वहिनींचा आवाज:
"कुठवर गेली गं ती?"

"उद्या सांगते," मी ओरडले.
"आधी ड्रम भरा."