बुककीपर

मिरकरवाड्याच्या सोसायटीत मी बुककीपर.
मार्चअखेर कोल्हापुराहून येतो तो अकाउंटंट.
फरक पगारात आहे, असं खलाशी म्हणतात.

मी लिहिते:
बर्फ चाळीस लाद्या, डिझेल दोनशे लिटर,
बोट मेहराज, तांडेल इस्माईल मजगावकर.
वहीला बांगड्याचा वास येतो.
तो रुमालानं पानं उलटतो.

यंदा एका ओळीवर त्याची पेन्सिल थांबली.
जुलै. बंदी. बोटी झापांखाली.
मग हे डिझेल प्यालं कोण?

बाहेर चेअरमनची नवी जीप तापत होती.
म्हटलं, नोंद ठेवणं माझं काम, साहेब.
विचारणं तुमचं.

त्यानं चष्मा पुसला, चहा संपवला,
आणि पेन्सिलीची खूण
खोडरबरानं काढली.

माझी ओळ शाईची आहे.