रकाना

मुलांच्या दवाखान्यात मी कारकून आहे,
वेल्समधल्या एका गावात, पाटीच्या दगडाच्या डोंगराखाली.
काम एवढंच: पाकिटं फोडायची,
तारखेचा शिक्का मारायचा,
'ऑटिझमची तपासणी' या यादीत
नाव सगळ्यात शेवटी लिहायचं.
मी लागले तेव्हा यादी एका कागदावर मावायची.
आता शेवट गाठेपर्यंत चहा निवतो.

"हल्ली फारच निघालंय हे,"
पावाच्या दुकानात ग्विलिम म्हणाला,
"आमच्या वेळी नव्हतं असलं काही."
मी सुटे पैसे मोजत राहिले.
आमच्या वेळी इदवालमामा होता.

खाणीत दगडाच्या पाट्या सोलायचा.
बोटाने एक टिचकी, आणि कान लावून सांगायचा,
ही टिकेल, ही दहा हिवाळ्यांत तडकेल.
चॅपेलमध्ये ऑर्गन सुरू झाला की मात्र
दोन्ही कान दाबून बाहेर, थडग्यांमध्ये.
लग्नाच्या पंगतीतही त्याची बशी वेगळी,
वाटाणा बटाट्याला शिवला की जेवण संपलं.
लोक म्हणायचे, विक्षिप्त.
आई म्हणायची, हट्टी.
डॉक्टर काहीच म्हणाला नाही,
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
मृत्यूच्या दाखल्यावर फुफ्फुसातली धूळ आहे.
बाकीचं लिहायला रकाना नव्हता.

मग आकडा चढतोय तो कशाने?
मला ठाऊक नाही. खरंच नाही.
थोडं आपण आत्ता कुठे बघायला शिकलोय,
एवढं मी पैजेवर सांगेन.
उरलेलं कुणीतरी शोधायला हवं,
पैसे लावून, घाई न करता,
आणि शोधताना मुलांना कोडं न समजता.

मंगळवारी तेगवेन आली, मॅक्सेनला घेऊन.
नाव घातलं तेव्हा तो चार वर्षांचा होता,
आता दात पडायला लागलेत.
फाटकापाशी वेचलेल्या कपच्या
त्याने खिडकीत मांडल्या, लहानापासून मोठीपर्यंत,
एकीची कड दुसरीला लागू न देता.

"किती राहिले?"
"दोनशे अकरा."
"आणि त्याच्यानंतर?"
यादीनंतर काय, ते माझ्या संगणकात नाही.
बोलायला शिकवणारी बाई अख्ख्या जिल्ह्यात एकच,
तिची गाडी खिंडीत बंद पडली की आठवडा बुडाला.

"शोधा म्हणावं," तेगवेन म्हणाली,
"हा असा का, तेही शोधा हवं तर.
पण आधी हे शोधा,
शाळेतलं हात वाळवायचं यंत्र त्याला का चावतं.
रात्री दोनला तो कुणाची वाट बघतो.
तो चाळिशीचा होईल, मी नसेन,
तेव्हा त्याचे वाटाणे वेगळे कोण वाढेल."

वाटाणे.
मी पेन खाली ठेवलं.
मामाबद्दल मी तिला कधी बोलले नव्हते.

मॅक्सेनने एक कपची उचलली,
टिचकी मारली, कानाशी धरली,
आणि ओळीत परत न ठेवता
माझ्या टेबलावर ठेवली, शिक्क्याच्या शेजारी.
का, ते मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.

ती अजून तिथेच आहे.
दार उघडलं की पाकिटं उडतात,
म्हणून त्यांच्यावर ठेवते.
आज नऊ आली.