दुसऱ्या तारेची खबर

उदगीरला, स्वामी बंधूंच्या स्टुडिओत
एक काळा डबा आहे, बुटांच्या खोक्याएवढा.
त्याच्या पोटात चार डिस्क
आणि त्या चारांत अर्ध्या तालुक्याची लग्नं :
हळदी, अक्षता, रुसलेले मामा,
ड्रोनवरून ठिगळासारखे दिसणारे मांडव.

वैशाखात भांडण लागलं.
गंगासागर कापायची, रफत रंग बसवायचा,
दोघंही ओढायचे त्याच डब्यातून
आणि पडद्यावर फिरत राहायचं ते गोल चक्र.
तू थांब.
तूच थांब की.
मन्मथअप्पांनी मला लातूरहून बोलावलं :
"डब्याला मागून दोन भोकं हायेत, एक रिकामंच.
त्याची काय पूजा घालायची का?"

मी दुसरी तार लावली, निळी.
डब्याला सांगितलं, स्विचलाही सांगितलं :
या दोन नाहीत, एकच समजा.
एकाच बाजूला सांगून भागत नाही यात,
सोयरिकीसारखं, दोन्ही घरं हो म्हणावी लागतात.

अप्पा घड्याळ घेऊन बसले.
एक लग्न, साठ जीबी.
काल नऊ मिनिटं, आजही नऊ.
"मग पैसे कशाचे घ्यायलास?"

म्हणालो, अप्पा, टँकर आठवा.
मागं दोन नळ्या. घागर एकच असली
तर एकाच नळीखाली बसते,
तिच्याच धारेनं भरते.
दुसरी घागर आणा, मग बोला.
रफतनं आणि गंगासागरनं एकदमच बटण दाबलं.
नऊ मिनिटं. दोघांनाही नऊ.
(कोण कुठल्या तारेला लागेल हे डबा ठरवतो, मी नाही.
दोघं एकाच तारेला लागले असते
तर काय सांगणार होतो, देव जाणे.)
अप्पा नुसतं हं म्हणाले
आणि चहा मागवला.

आखाडात परत गेलो ते प्रिंटरसाठी.
सहज मागं डोकावलो, तर निळ्या तारेचा दिवा गेलेला.
काश्मीरचा धबधबा रंगवलेल्या पडद्यामागं
उंदरानं तिचा घास घेतला होता.
नोंद उघडली : बारा दिवसांपूर्वी, रात्री दोन चाळीस.
बारा दिवस सगळं एका तारेवर चाललं होतं,
दोन बारसी, एक साखरपुडा,
निवृत्त मुख्याध्यापकांचा सत्कार.

काम अडलं नाही, मी म्हणालो,
त्यासाठीच तर दुसरी लावली होती.
अप्पा तुटकं टोक बोटात फिरवत राहिले.
"अडलं नाही म्हणून कळलंच नाही व्हय?"

बाहेर पाटीवर अजून 'बंधू' आहे.
धाकटे बसलिंग आठ वर्षांपूर्वी बीदरला गेले,
एका कॅमेऱ्याच्या वाटणीवरून.
हंगाम एकही बुडाला नाही.
गिऱ्हाईक पाटी वाचतं, आत येतं, इसार देतं.

नवी तार टाकली, या खेपेला लोखंडी नळीतून.
मग वैशाखातच करायला हवं होतं ते केलं :
एक तार गेली की मोबाइलवर निरोप.
चूक माझी होती. मी ते बोललो नाही.
नंबर सांगा, म्हणालो.
अप्पांनी स्वतःचा सांगितला.
मग चष्मा काढून, काच पुसत,
आणखी एक सांगितला,
न बघता, दहाही आकडे एका दमात.
"कर्नाटकातला हाय. चालंल?"
चालेल की.

खात्रीसाठी निळी तार उपसली.
गंगासागरचा नवरदेव घोड्यावरून उतरत होता,
तो उतरतच राहिला, अडखळला नाही.
दहा मोजले, परत बसवली.
अप्पांच्या खिशात काहीतरी टुणकन वाजलं,
त्यांनी ते काढून पाहिलं नाही.
तिकडं वाजलं का, ठाऊक नाही.
माझी लातूरची गाडी पाचची होती,
आणि प्रिंटर अजून तसाच पडला होता.