चौदा अक्षरं

सोमवारी सकाळी मी फर्मान काढलं:
किमान चौदा अक्षरं, त्यात एक आकडा, एक चिन्ह.
नाव चालणार नाही. जन्मसाल चालणार नाही.
मागचे बारा पुन्हा नकोत.
पुंता अरेनासच्या या इस्पितळात सहाशे चाळीस माणसं,
आणि त्या दिवशी सगळ्यांनी मला
एकाच शब्दानं आठवलं.
तो मात्र चौदा अक्षरांचा नव्हता.

फर्मानाआधीची रात्र कुणाला माहीत नाही.
संचालकांची लेखी परवानगी खिशात ठेवून
मी आमच्याच दारांवर एक यंत्र सोडलं,
चोर येईल तसं, चोराच्याच हत्यारांनी.
बाहेर सामुद्रधुनीवरून वारा,
असा, की चौकाचौकात धरायला दोर बांधलेले.
आत फक्त पंख्याची घरघर.
चाळीस मिनिटांत दोनशे अकरा कुलपं पडली,
फांदी हलवली की बोरं पडतात तशी.

मी वाचायला नको होतं. वाचलं.
क्ष-किरण विभाग: एकाच कुत्र्याचं नाव, पाच जणांकडे.
भटारखाना: फुटबॉलचा क्लब, पुढं एक शिवी.
हाडांचे मोठे डॉक्टर: डॉक्टर१.
कुणाशी न बोलणाऱ्या हिशेबाच्या बाई:
तेआमो, म्हणजे माझं प्रेम आहे तुझ्यावर,
आणि एक दोन तीन.

रात्रपाळीच्या दानित्सा कुसानोविच:
व्येको३१.
खाली जुनेही होते ओळीनं,
व्येको३०, व्येको२९, असं करत एकोणीसपर्यंत.
त्यामागचं यंत्रालाही आठवत नव्हतं.
दर नव्वद दिवसांनी ते म्हणे, बदला,
आणि बाई एक आकडा पुढं सरकवत.
व्येको खेकड्यांच्या बोटीवर होता.
मी भागाकार केला. पावणेआठ वर्षं.

"नाव चालणार नाही" हे कलम
मी त्यानंतर लिहिलं. खोटं कशाला बोलू.
मॉर्फीनचं कपाट त्याच नावानं उघडतं,
बाळांच्या रक्तगटांची यादीसुद्धा,
आणि चोर काही विचारत बसणार नाही, व्येको कोण.

बुधवारी त्या माझ्या टेबलाशी आल्या.
"येर्को, यंत्र घेत नाही. काय लिहू?"
मी नेहमीचं सांगितलं: चार शब्द घ्या,
एकमेकांशी सोयरसुतक नसलेले,
मधे कुठंतरी एक आकडा, एक चिन्ह.
मला सांगू नका. कुणालाच सांगू नका.
त्या बराच वेळ कळफलकाकडे बघत राहिल्या.
मी पाठ फिरवली, नियमाप्रमाणं.
खिडकीबाहेर एक पोस्टमन
दोर धरून तिरका चालला होता,
थैली पाठीमागं आडवी उडत.
मागं कळा वाजल्या. खूप वाजल्या.
मग सगळं खोडलं, मग पुन्हा पहिल्यापासून.

हिरवी खूण आली.
"नव्वद दिवसांनी परत का?"

ते कलम मी त्याच दुपारी काढून टाकलं.
संचालकांना कारण दिलं तज्ज्ञांच्या नव्या शिफारशींचं.
तेही खरंच आहे.