तक्रार नाही

ऑगस्टात वारा पडला की
शेवाळ काठाशी येऊन साकळतं.
पेलिकन उतरतात तेव्हा त्यांच्या पायांनी
हिरव्यावर काळ्या रेघा उमटतात,
पाणी दिसतं ते तेवढ्यापुरतं.

इथं सस्कॅचेवानात डोंगर नाहीत, झरे नाहीत.
नळाला पाणी कुठून येतं असं कुणी पाहुण्यानं विचारलं
तर आम्ही त्या तळ्याकडे बोट दाखवतो
आणि थोडे ओशाळतो.

प्रयोगशाळेतून आकडा यायला तीन दिवस.
तेओदोझिया हावरिलुकचा फोन त्याआधी.
दरवर्षी. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी,
चहाचं आधण ठेवल्या ठेवल्या:
"पाण्याला बीटाचा वास येतोय.
आणि काल मी बीट शिजवलेलं नाही."
की ठेवलाच फोन.
मी नोंदवहीत लिहायचो, हावरिलुक, एल्म रस्ता, बीट.
मार्लीसला म्हणायचो, काढ पोती.

(नव्या पोराला वाटतं, क्लोरीन वाढवावं.
नको रे बाबा. पेशी फुटते
आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं पाण्यात ओकते.
आधी तिला अख्खी बसू दे तळाशी.)

कोळसा नारळाच्या करवंटीचा.
आमच्यापैकी कुणी नारळाचं झाड पाहिलेलं नाही.
करवंटी जाळतात, वाफेनं तिला भोकं भोकं पाडतात,
पिठासारखी दळतात. पोतं फाडलं
की मास्क असूनही ती दातांत जाते,
भुवयांत, घड्याळाच्या पट्ट्याखाली.
तीनदा धुतल्यावरही उशीच्या अभ्र्यावर
माझा गाल राहतो.

पाणी निवळायचं तर आधी ते काळं करायचं,
हे सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांना पटत नाही.
एक मुलगी टाकीत वाकून बघत राहिली, मग म्हणाली,
"तुमचं चुकलंय."

कोळसा काही मारत नाही, खात नाही.
नुसता दारं उघडी टाकून तरंगतो
आणि वास आत जाऊन बसतो.
मग दोघंही गाळात.

हा वास चमचाभर असला तरी
अख्ख्या गावाचं महिन्याचं पाणी नासवायला पुरतो.
यंत्राला तो शोधावा लागतो.
नाकाला नाही.

यंदा फार होता.
चंबू पंचेचाळीस अंशांवर तापवून
आम्ही चौघं हुंगायला बसलो, कॉफी न घेता.
मार्लीसनं लिहिलं: तळघर.
नव्या पोरानं: ओला कुत्रा.
मी लिहिलं बीट. शब्द माझा नव्हे, तिचा.
फोन घणघणत होते. शाळा, बेकरी,
मेयरची मेव्हणी दोनदा.
हावरिलुक नाही.

चौथ्या दिवशी मीच लावला.
"पाणी?" ती म्हणाली. "छान आहे की यंदा. शाबास."
मागं काहीतरी रटरटत होतं.
विचारलं, काय शिजतंय?
बराच वेळ काही नाही.
झाकण उचलल्याचा आवाज. झाकण
लगेच खाली नाही आलं.
"बीटच आहे," ती म्हणाली,
"लाल तर दिसतंय."

मी म्हटलं, दोन दिवसांत आणखी सुधारेल.
ती म्हणाली, हो, आणखी.

तिच्या नावापुढे "तक्रार नाही" लिहिलं.
खोडलं.
खोडलेल्या जागी काय लिहावं सुचेना
म्हणून रकाना तसाच ठेवून खालच्या ओळीवर आलो:
बेकरी, दुपारी दोन, कुबट.
पोतं अठरावं.